सहा आठवड्यांची वही

भोसरीतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये जेवढे गेज आहेत, तेवढ्या सगळ्यांवर एक छोटं स्टिकर असतं. कॅलिब्रेशन कधी झालं आणि पुढचं कधी आहे, ते त्यावर लिहिलेलं. तारीख उलटली की तो गेज वापरायचा नाही, मग दिसायला कितीही चकचकीत असो. एअर गेज तर शिफ्टच्या सुरुवातीला मास्टर रिंग लावून शून्यावर आणल्याशिवाय पहिला पीस तपासायचाच नाही. गेज स्वतःचं माप स्वतः सांगू शकत नाही, त्याला मास्टर लागतो, हे नवा ट्रेनीही पहिल्या आठवड्यात शिकतो.

मॅनेजर झाल्यावरची पहिली अकरा वर्षं मला असा मास्टर कुणी लावला नाही. वर्षातून एकदा अप्रेझलचा फॉर्म यायचा. त्यातल्या ‘नेतृत्वगुण’ या रकान्यात मी स्वतःला पाचपैकी चार द्यायचो, वरचे साहेब त्याचे साडेतीन करायचे आणि विषय मिटायचा. मग एका पावसाळ्यात जे घडलं (ते पुढे सांगतो) त्यानंतर मी ही पद्धत बसवली. दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपली की सुरू करतो, सहा आठवडे चालते. यातले बरेच तुकडे इतरांनी आधी तयार करून ठेवलेले आहेत. जिथे उसने घेतले तिथे तसं सांगेन. उदाहरणं मशीन शॉपमधली असली तरी बँकेची शाखा, हॉस्पिटलचा वॉर्ड, सॉफ्टवेअरची टीम, कुठेही ही पद्धत चालेल.

आधी एक ठरवून घ्या, तपासायचं काय? ‘मी चांगला लीडर आहे का?’ असा प्रश्न घेऊन बसलात तर उत्तर त्या दिवशीच्या मूडवर अवलंबून राहील. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ च्या ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’ या पुस्तकात मांडलेला हिशेब मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. त्यांच्या मते मॅनेजरचं उत्पादन म्हणजे त्याच्या टीमचं उत्पादन, शिवाय ज्या शेजारच्या टीमवर त्याचा प्रभाव पडतो त्यांचंही. म्हणून मी प्रश्न असा घेतो: मी इथे असल्यामुळे माझ्या माणसांचं काम सोपं होतं की अवघड? याच्या खुणा रोजच्या कामात पडलेल्या असतात. त्या गोळा करायच्या आहेत.

सामान

दोनशे पानी वही. कंपनीच्या लॅपटॉपवर यातलं काही लिहू नका. कुणाच्या तरी नजरेला पडेल या भीतीने लिहिलेल्यात खरं फार कमी उतरतं. एक पाकीट. हाताखालच्या सगळ्यांची यादी, मागच्या तीन वर्षांत सोडून गेलेल्यांसकट. चार दिवसांची रजा, आधीच मंजूर करून घेतलेली. आणि एक बाहेरचा माणूस, ज्याला तुमच्या बढतीशी देणंघेणं नाही आणि जो तोंडावर बोलतो. माझ्यासाठी क्वालिटीमधून निवृत्त झालेले एक काका आहेत, चिंचवडला राहतात. या कामाला नवरा किंवा बायको नको. घरच्यांना ऑफिसच्या प्रत्येक गोष्टीतली आपली बाजूच ऐकून ऐकून पाठ झालेली असते.

मार्च टाळा, अप्रेझलचा महिनाही टाळा. त्या दिवसांत खरं बोलायला कुणालाच परवडत नाही, तुम्हालाही नाही.

पहिला दिवस: पाकीट

कुणालाही काही विचारण्याआधी तासभर एकटं बसा आणि तुमचा अंदाज लिहून काढा. माझे प्रश्न साधारण असे असतात. मशीन बंद पडलं, माल परत आला, कुणी राजीनामा द्यायच्या बेतात आहे, अशी बातमी माझ्यापर्यंत किती तासांत पोचते? मीटिंगमध्ये शंभर मिनिटांतली किती मिनिटं मी बोलतो? मी चार दिवस नसलो तर नेमकी कुठली कामं अडतील? तीन वर्षांत माझ्या हाताखालचं कोण वर गेलं, आणि काय शिकून गेलं? माझ्या कुठल्या सवयीचा लोकांना त्रास होतो? गेल्या महिन्यात कुणाचं काम मी नाव घेऊन, चारचौघांत वाखाणलं?

उत्तर आकड्यात किंवा नावात हवं. ‘बरं आहे’, ‘सुधारणेला वाव आहे’ असलं काही चालणार नाही. कागद पाकिटात घाला, पाकीट चिकटवा, त्यावर तारीख टाका आणि घरच्या कपाटात ठेवून द्या. सहा आठवडे त्याला हात लावायचा नाही.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली चार खणांची एक खिडकी मांडली. दोघांच्या नावांतून तिचं नाव ‘जोहारी’ पडलं. (आमच्याकडच्या ट्रेनिंगला बसलेल्या निम्म्या लोकांना ते कुणा भारतीय माणसाचं नाव वाटतं.) त्यातला एक खण आंधळा आहे, म्हणजे तुमच्याबद्दल इतरांना माहीत असलेलं, पण तुम्हाला नसलेलं. तो खण किती मोठा आहे, ते शेवटी या पाकिटावरून कळतं. आधी न लिहिता थेट लोकांना विचारायला गेलात, तर जे ऐकाल ते ‘मला माहीतच होतं’ असं वाटत राहील.

पहिले दोन आठवडे: दिवस कुठे गेला

हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच मोठ्या अधिकाऱ्यांच्या मागे प्रत्येकी एक आठवडा राहून ते काय करतात याची नोंद केली. १९७३ च्या त्यांच्या पुस्तकात आहे की त्यांची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपत होती. शॉप फ्लोअरवर तर नऊ मिनिटंही चैनच. त्यामुळे तासाच्या हिशेबाने लिहिलं तर हाती काही लागत नाही. खिशात छोटी डायरी ठेवा, प्रत्येक कामाला एक ओळ: किती वाजता, कुणाशी, सुरुवात कुणी केली, ठरवलं कुणी.

दोन आठवड्यांनी एकच मोजणी करा. दुसऱ्याने येऊन ‘साहेब, काय करू?’ असं विचारलं, आणि तुम्ही ठरवून दिलंत, अशा ओळी किती? त्यातल्या किती गोष्टी त्याला स्वतःला ठरवता आल्या असत्या? पहिल्या वर्षी माझ्याकडे अशा ५८ ओळी निघाल्या. लाल पेनाने खुणा करत गेलो तेव्हा ५८ पैकी ४१ ला मी फक्त होकार दिला होता. माणूस उत्तर घेऊनच आला होता, त्याला शिक्का हवा होता. दिवसभर लोक रांगेत उभे आहेत म्हणजे आपल्यावाचून अडतं, असं मी समजत होतो. ती रांग मीच लावली होती.

वाईट बातमीचं घड्याळ

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे. बाकी काही जमलं नाही तरी एवढी करा.

पावसाळ्यातला मंगळवार. दुपारी साडेतीनला ग्राहकाच्या असेंब्ली प्लँटमधून फोन आला, हाऊसिंगचं बोअर मोठं येतंय, बेअरिंग सैल बसतंय. आमची सहा माणसं तिकडे गेली, दोन रात्री बसून तीन दिवसांचा माल शंभर टक्के तपासला. ६४० पीस बाजूला काढले, त्यातले ८७ भंगारात गेले. कारण सापडायला वेळ लागला नाही. सीएनसीच्या चकचे जॉ झिजले होते, पीस नीट धरला जात नव्हता, साइज पळत होती.

शोधत गेलो तेव्हा कळलं, की थर्ड शिफ्टच्या ऑपरेटरला हे शुक्रवारी रात्री अडीचलाच समजलं होतं. तो बिचारा दर दहा पिसांमागे ऑफसेट देत साइज सांभाळत होता. लॉगबुकमध्ये काही नाही, हॅन्डओव्हरला काही बोलला नाही. सकाळच्या पोराला पत्ताच नव्हता. त्याने एका सेटिंगवर मशीन पळवलं. मी त्या ऑपरेटरला विचारलं, “तेव्हाच का नाही सांगितलंस?” तो सेफ्टी शूजकडे बघत उभा राहिला. शेवटी आमचे जुने फिटर, सगळे त्यांना मामा म्हणतात, ते बोलले, “साहेब, मागच्या महिन्यात त्यानं मशीन थांबवलं होतं. तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, प्रॉडक्शन काय तुझा बाप देणार?”

मला ते वाक्य आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला आठवत होतं.

अडीच वाजता एका माणसाला कळलेली गोष्ट मला कळायला ८५ तास लागले, आणि त्या ८५ तासांतला मोठा वाटा त्या एका वाक्याचा होता. मशीनच्या वर अँडॉनचा, म्हणजे अडचण कळवायचा, लाल दिवा आहे, बटण ऑपरेटरच्या हाताशी आहे. पण बटण दाबल्यावर काय होतं, हे तो माणसाच्या तोंडावरून शिकतो.

तर कृती अशी. गेल्या सहा महिन्यांतल्या दहा वाईट बातम्या आठवा. फक्त मशीनच्या नकोत. राजीनामा, दोघांचं भांडण, थोडक्यात टळलेला अपघात, सप्लायरचं थकलेलं बिल, चुकीचा गेलेला माल. प्रत्येकीपुढे चार रकाने: घडलं केव्हा, पहिल्यांदा कुणाला कळलं, मला केव्हा कळलं, कुणाकडून. जुन्या तारखा लॉगबुक, मेल आणि व्हॉट्सॲपवरून काढता येतात. जिथे सापडणार नाहीत तिथे सरळ जाऊन विचारा, पण ‘का नाही सांगितलं’ हा प्रश्न तोंडून जाऊ देऊ नका. आता तुम्ही वेळ मोजताय, माणूस पकडत नाही आहात.

मग रकाने उभे वाचा. बातमी तासाभरात, ज्याच्या हातून घडलं त्याच्याचकडून आली असेल तर उत्तम. सगळ्या बातम्या एकाच माणसाकडून येत असतील तर सावध व्हा, तुम्ही टीममध्ये एक खबऱ्या तयार केला आहे आणि बाकीचे त्याला ओळखून आहेत. बातमी ग्राहकाकडून किंवा वरच्या साहेबांकडून आली असेल तर ती ओळ अधोरेखित करा. आणि अजिबातच वाईट बातम्या सापडल्या नाहीत तर खूश होऊ नका.

हे शेवटचं वाक्य माझं नाही. अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन हॉस्पिटलांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. ज्या वॉर्डातली टीम चांगली, तिथे चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदलेल्या. त्यांनी जे अनुमान काढलं ते असं, की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तिथे त्या बोलल्या जात होत्या. १९९६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पुढे १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास करून, बोलल्याने आपल्यावर काही येणार नाही या खात्रीचा टीमच्या शिकण्याशी संबंध दाखवला. मी ते वाचलं तेव्हा मला आमचं लॉगबुक आठवलं. ज्या तीन महिन्यांत त्यात एकही तक्रार नव्हती, ते मी मीटिंगमध्ये अभिमानाने दाखवले होते.

तिसरा आठवडा: मीटिंग

याला फार वेळ लागत नाही. सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये एखाद्या ट्रेनीला मागे बसवा आणि कोण किती मिनिटं बोललं ते मोजायला सांगा. तीन दिवस पुरे. सोबत एवढंच बघा, की तुमचं मत तुम्ही आधी सांगता की शेवटी, आणि आधी सांगितल्यावर त्याच्या विरुद्ध कुणी बोललं का. माझा आकडा शंभरात ७४ निघाला. पाकिटात मी ४० लिहिला होता.

तिसरा आणि चौथा आठवडा: विचारणं

इथे घाई करू नका. ‘माझ्याबद्दल काय वाटतं?’ असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: ‘छान चाललंय साहेब.’ ते खोटं बोलतात असं नाही. समोरच्याला, त्यातून वरच्याला, त्याच्या तोंडावर नावं ठेवणं आपल्याकडे उद्धटपणा मानला जातो, आणि ती रीत एका दिवसात बदलणार नाही. त्यामुळे सभ्यपणे खरं बोलता येईल असा रस्ता प्रश्नातच ठेवावा लागतो.

आठ माणसं निवडा: हाताखालचे तीन, थेट मशीनवरचे दोन, शेजारच्या खात्यातले दोन (मेंटेनन्स, स्टोअर, क्वालिटी), आणि तुमचे साहेब. आवडते तेवढे घेऊ नका. ज्याच्याशी तुमचं पटत नाही असा एक तरी हवा. आदल्या दिवशी प्रश्न सांगून ठेवा, विचार करायला रात्र मिळते. केबिनमध्ये बोलावू नका. केबिनच्या खुर्चीत बसलेला माणूस चौकशीला बसतो. कँटीनहून परत येताना किंवा गेटबाहेर चहाला उभं असताना बोला.

कुणाला काय विचारायचं, ते माणसागणिक बदलतं. सुपरवायझरला मी विचारतो, “पुढचे तीन महिने मी एक गोष्ट करायची थांबवली, तर तुमचं काम सोपं होईल, ती कुठली?” एकच मागायची, म्हणजे सांगणाऱ्याला तक्रारींची यादी वाचल्यासारखं वाटत नाही. मामांसारख्या जुन्या माणसाला थेट विचारलेलं जड जातं. त्यांना म्हणतो, “मामा, तुम्ही माझ्या आधीपासून आहात. आधीच्या साहेबांच्या वेळी जे बरं होतं आणि आता राहिलं नाही, असं एक सांगा.” नव्या पोराला म्हणतो, “उद्या तुझ्या जागी तुझा मित्र लागला, तर माझ्याशी कसं वागायचं म्हणून सांगशील? काय सांभाळून राहायला सांगशील?” या प्रश्नाला पोरं हसतात आणि मग खरं सांगतात.

कंत्राटी कामगारांना मात्र यात एकेकटं घेऊ नका. ज्याचं पुढच्या महिन्याचं काम तुमच्या सहीवर आहे, त्याला तुमचे दोष विचारणं हाच त्याच्यावर दबाव आहे. त्यांच्याशी काका बोलतात, गेटबाहेर, पाच-सहा जणांत मिळून, आणि मला नावं सांगत नाहीत.

ऐकताना तुमच्याकडे दोनच वाक्यं: ‘बरं’ आणि ‘एखादा प्रसंग सांगाल?’ तिसरं वाक्य नाही. ‘पण त्या दिवशी काय झालं होतं माहितीय का’ असं म्हणालात की तो माणूस तुमच्या बाजूने बोलायला लागतो आणि तुमच्या हाती काही लागत नाही. तासाच्या आत ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा. तुमच्या शब्दांत लिहिलंत तर धार जाते. मेंटेनन्सच्या साहेबांनी मला सांगितलं होतं, “ब्रेकडाऊनच्या वेळी तू मागे येऊन उभा राहतोस. काही बोलत नाहीस, पण माझ्या पोरांचे हात थरथरतात.” मी हे ‘ब्रेकडाऊनच्या वेळी जास्त देखरेख’ असं लिहिलं असतं तर वर्षभरात विसरलो असतो. असेंब्लीच्या लाइनवरच्या एका ताई म्हणाल्या, “सर, तुम्ही लाइनवर येता, सुपरवायझरशी बोलता आणि जाता. आम्ही सोळा जणी तिथेच असतो.” मी रोज दोनदा राउंड मारतो, याचा मला अभिमान होता.

सात दिवसांच्या आत प्रत्येकाकडे परत जा आणि त्याने सांगितलेल्या गोष्टीचं काय करणार, ते एका वाक्यात सांगा. ‘हे माझ्या हातात नाही’ हेही चालेल. परत गेला नाहीत तर पुढच्या वर्षी तुम्हाला पुन्हा ‘छान चाललंय साहेब’ ऐकायला मिळेल, आणि त्यात त्यांचा दोष नसेल.

पाचवा आठवडा: रजा

चार कामाचे दिवस रजेवर जा. निघण्यापूर्वी नेहमीसारख्या सूचनांचा पाढा वाचू नका. सांगायचं एवढंच: कुणाला इजा झाली किंवा आग लागली तर फोन करा, बाकी सगळं तुम्ही ठरवा. मग खरंच फोनला हात लावू नका. आमच्यातल्या बऱ्याच जणांना ही पायरी सगळ्यांत अवघड जाते. कोकणात जाऊनही रोज सकाळी रिजेक्शनचा आकडा मागवणारे लोक मला माहीत आहेत, मीही त्यातलाच होतो.

परत आल्यावर प्रत्येक सुपरवायझरकडून दोन याद्या घ्या: काय ठरवलं, आणि काय माझ्यासाठी ठेवलं. ठेवलेल्या यादीतून अडथळे दिसतात. पहिल्या वेळी माझ्यासाठी १४ गोष्टी ठेवलेल्या होत्या. त्यात ३,२०० रुपयांचे इन्सर्ट (कटिंग टूलची बदलायची टोकं) होते. ते नव्हते म्हणून एक मशीन दीड शिफ्ट उभं होतं. दीड शिफ्टचं नुकसान त्या इन्सर्टच्या किमतीच्या कितीतरी पट. सुपरवायझरला काही कळत नव्हतं असं नाही, सहीचा अधिकार मी माझ्याकडे ठेवला होता. त्या आठवड्यात मर्यादा ५,००० पर्यंत वाढवून घेतली, मंजुरीला एक मेल पुरला.

ठरवलेल्या यादीतली जास्त मोलाची ओळ असते ती, जिथे त्यांनी तुमच्यापेक्षा वेगळं ठरवलं आणि तरी काम झालं. तातडीची ऑर्डर माझ्या नेहमीच्या मशीनवर न चढवता त्यांनी जुन्या मशीनवर घेतली होती, कारण तिथला सेटर अनुभवी होता. मी तसं केलं नसतं, पण माल वेळेत गेला. अशा ओळी सापडल्या की तिथे काही दुरुस्त करायला जाऊ नका.

आणि काहीच अडलं नसेल तर एकदा वरच्या साहेबांना विचारून घ्या, की त्या चार दिवसांत लोक त्यांच्याकडे गेले होते का.

यादी

आता ती माणसांची यादी. प्रत्येक नावापुढे लिहा: तीन वर्षांपूर्वी काय येत होतं, आज काय येतं. शॉप फ्लोअरवर याला स्किल मॅट्रिक्सचा बोर्ड असतो, प्रत्येक माणसापुढे प्रत्येक मशीनचं एक वर्तुळ आणि त्याचे चार भाग. जितकं येतं तितके भाग काळे. तीन वर्षांपूर्वीच्या बोर्डाचा फोटो काढून आजच्या शेजारी ठेवा. ऑफिसात बोर्ड नसेल, तर कागदावर करा.

सोडून गेलेल्यांच्या एक्झिट फॉर्मवर बहुतेक वेळा ‘पगार’ लिहिलेलं असतं. त्यातल्या दोघांना, जाऊन सहा महिने झाल्यावर फोन करा. आता त्यांना तुमची भीती नाही आणि राग निवळलेला असतो. आमचा एक उत्तम ऑपरेटर चाकणला गेला. फोनवर म्हणाला, “सर, सहा वर्षं मला एकाच मशीनवर ठेवलं. का, तर माझा हात तिथे बसलेला होता.” मी बोर्ड काढून बघितला. त्याच्या ओळीत एकच वर्तुळ पूर्ण काळं होतं, बाकी सगळी कोरी. ज्याच्यावर माझा सगळ्यांत जास्त भरवसा, त्यालाच मी काही शिकू दिलं नव्हतं. हे माझ्या आंधळ्या खणातलं सगळ्यांत मोठं माप होतं, आणि कुठल्याही फॉर्मच्या रकान्यात ते आलं नसतं.

सहावा आठवडा: पाकीट उघडणं

रविवारी सकाळी काकांकडे जातो. पाकीट ते फोडतात. कागद आणि वही शेजारी ठेवून ते मोठ्याने वाचतात, आधी अंदाज, मग नोंद. मोठ्याने वाचणं महत्त्वाचं आहे. मनातल्या मनात वाचताना आपण नको त्या ओळीवरून पटकन पुढे सरकतो. जिथे अंदाज आणि नोंद जुळतात, तिथे टिक करा आणि पुढे जा, ते चांगलं असो वा वाईट. जिथे मोठी तफावत आहे तिथे थांबा. काही तफावती तुमच्या बाजूच्याही निघतील, त्याही लिहा. मला वाटत होतं की नव्या पोरांना माझी भीती वाटते. त्यातल्या दोघांनी सांगितलं, की ड्रॉइंग वाचायला मी शिकवलं म्हणून ते टिकले.

मग एकच सवय निवडा. पाच नको. आणि ती डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल अशी लिहा. ‘मी अधिक संयम ठेवेन’ हे कुणाला मोजता येत नाही. मी पहिल्या वर्षी लिहिलं होतं: मशीन थांबवल्याचं कळलं की माझं पहिलं वाक्य ‘काय बघितलंस?’ असेल. सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं, आणि मामांना विनंती केली, की मी चुकलो तर खूण करा. ते कानातला इअर प्लग काढून हातात धरतात. पहिल्या महिन्यात अकरा वेळा धरला.

नव्वद दिवसांनी घड्याळाची पायरी पुन्हा करा, नुसती तेवढीच. पीटर ड्रकर यांनी १९९९ च्या एका लेखात सुचवलेला उपायही मी जोडला आहे. मोठा निर्णय घेताना काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवायचं, आणि नऊ ते बारा महिन्यांनी काय झालं त्याच्याशी ताडून बघायचं. वहीची शेवटची वीस पानं त्यासाठी राखून ठेवा. कुणाला बढती द्यायची, कुणाला कुठल्या लाइनवर टाकायचं, याबद्दलचे माझे अंदाज यंत्रांबद्दलच्या अंदाजांपेक्षा बरेच कच्चे आहेत, हे मला त्या वीस पानांवरून कळलं. आता माणसाबद्दलचा निर्णय एकट्याने घेत नाही.

गेल्या महिन्यात पहाटे पावणेतीनला फोन वाजला. थर्ड शिफ्टचा ऑपरेटर होता, तोच. “साहेब, साइज पळतेय. मशीन थांबवलंय.” मी विचारलं, “काय बघितलंस?” त्याने सांगितलं: जॉ तपासले, ठीक आहेत, इन्सर्ट बदलला, तरी पळतेय, स्पिंडलचा आवाज वेगळा वाटतोय. मेंटेनन्सला फोन त्याने आधीच केला होता. सकाळी वहीत लिहिलं: घडलं २:२०, मला कळलं २:४५, ज्याच्या मशीनवर घडलं त्याच्याकडून.

मीटिंगमधल्या बोलण्याचा आकडा मात्र तीन वर्षं साठच्या खाली आलेला नाही. या वर्षीची सवय म्हणून तोच लिहिला आहे, आणि पहिला बोलायचा मान स्टोअरच्या माणसाला दिला आहे.